होकार देणारा माणूस

25 मे 1977, बुधवार. अमेरिकेतल्या अवघ्या 32 थिएटरांत 'स्टार वॉर्स' लागला. इतकी कमी थिएटरं मिळाली, कारण थिएटरमालकांना तो नकोच होता. त्या उन्हाळ्यात ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सची भिस्त होती 'द अदर साइड ऑफ मिडनाइट' या गाजलेल्या कादंबरीवरच्या चित्रपटावर. मालकांनाही तोच हवा होता. तो हवा असेल तर हाही लावा, असा आग्रह कंपनीच्या माणसांना धरावा लागला. खुद्द कंपनीच्या संचालक मंडळातही या अवकाशकथेबद्दल नाराजीच होती. तिच्यामागे पहिल्यापासून उभा होता तो 39 वर्षांचा, हळू आवाजात मोजकं बोलणारा एक अधिकारी, अ‍ॅलन लॅड ज्युनिअर. हॉलिवूड त्याला 'लॅडी' म्हणायचं.

स्टुडिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जागा येते. कोल्हापुरातला किंवा गोरेगावातला सेट, दिवे, रंगवलेले पडदे. हॉलिवूडमध्ये स्टुडिओ म्हणजे मुख्यतः एक कंपनी. पैसा तिचा, वितरण तिचं, जाहिरातही तिचीच. तिच्या चित्रपट विभागाचा प्रमुख कॅमेऱ्याला हात लावत नाही, संवाद लिहीत नाही, नट-नट्यांना अभिनय शिकवत नाही. शेकडो संहिता आणि कल्पना त्याच्या टेबलावरून जातात आणि त्यातल्या मोजक्यांना तो 'करा' म्हणतो. या होकाराला तिथं ग्रीनलाइट म्हणतात. होकार दिला की कंपनीचे कोट्यवधी डॉलर अडकतात आणि तो बरोबर होता की चूक, हे कळायला दोन-तीन वर्षं लागतात. चित्रपट पडला तर खुर्ची याची जाते. चालला तर कौतुक दिग्दर्शकाचं होतं, आणि ते व्हायलाच हवं. पण माझ्या पिढीनं व्हिडिओ कॅसेटवर पुन्हापुन्हा पाहिलेले कितीतरी चित्रपट या एका माणसाच्या होकारावर उभे आहेत, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून हा लेख.

लॅडचा जन्म 22 ऑक्टोबर 1937चा, लॉस एंजेलिसमधला. 'शेन'मधला तो शांत बंदूकबाज, अभिनेता अ‍ॅलन लॅड, हे त्याचे वडील. पण वडिलांच्या झगमगाटात तो वाढला नाही. आई-वडील लवकर वेगळे झाले. वडिलांनी सू कॅरल या आपल्या एजंटशी लग्न केलं आणि प्रसिद्धीच्या चित्रात पहिल्या लग्नाचा मुलगा बराच काळ बाजूलाच राहिला. एवढ्या मोठ्या नटाचं नाव लावणारा हा मुलगा आयुष्यभर मितभाषी राहिला, याचं मला नवल वाटत नाही.

1963मध्ये तो एका टॅलेंट एजन्सीत लागला. कलावंतांना कामं मिळवून द्यायची आणि त्यांचे करार सांभाळायचे, हे तिथलं काम. त्या दशकाच्या शेवटी तो लंडनला गेला आणि जे कँटर व एलिअट कास्टनर यांच्याबरोबर निर्माता झाला. तिथले चित्रपट फार चालले नाहीत. मात्र चित्रपटाचा खर्च कुठं वाढतो, दिग्दर्शक कधी घाबरलेला असतो, कुठं त्याला मोकळं सोडायचं, हे तो सेटवर राहून शिकला. पुढं फॉक्समध्ये बसल्यावर हेच त्याच्या उपयोगी पडलं.

फॉक्समध्ये तो 1973मध्ये आला. मेल ब्रुक्सचा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' तेव्हा कोलंबियाकडे अडला होता. ब्रुक्सला तो कृष्णधवलच करायचा होता आणि रंगीत चित्रपटांच्या काळात कोलंबियाला ते मान्य नव्हतं. लॅडनं तो कृष्णधवल ठेवून फॉक्समध्ये घेतला. एकानं नाकारलेलं दुसऱ्यानं उचलायचं, ही हॉलिवूडमधली नेहमीची रीत आहे. लॅडला ती विशेष साधली होती.

त्याच वर्षी त्याच्यासमोर आला जॉर्ज लुकस. हातात तेरा-चौदा पानांचा, विचित्र नावांनी भरलेला आराखडा. युनिव्हर्सल आणि युनायटेड आर्टिस्ट्स या दोघांनीही नकार दिलेला. लॅडनं लुकसचा 'अमेरिकन ग्राफिटी' प्रदर्शनाआधीच पाहिला होता. अंतराळातलं ते सगळं प्रकरण आपल्याला नीटसं कळलं नव्हतं, हे त्यानं पुढं मोकळेपणानं सांगितलं. कळला होता तो समोर बसलेला माणूस. लॅडनं चित्रपटावर नव्हे तर आपल्यावर पैसे लावले, असं लुकसही सांगत आला.

पुढच्या चार वर्षांत हा होकार त्याला पुन्हापुन्हा द्यावा लागला. 1976च्या मार्चमध्ये ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण सुरू झालं. नंतर लंडनजवळ एल्स्ट्रीला काम लांबलं. दृश्यपरिणामांचं काम तर इतकं रखडलं, की नाताळात यायचा चित्रपट पुढच्या मे महिन्यावर गेला. खर्च एक कोटी डॉलरच्या वर गेला. संचालकांच्या प्रत्येक बैठकीत उत्तर द्यायला लॅडच होता. आपण ग्रीनलाइट म्हणजे एक सही समजतो. ती सही रोज सकाळी नव्याने करावी लागते, हे या चार वर्षांकडे पाहिलं की कळतं.

लुकसबरोबरच्या करारात फॉक्सनं एक मोठी चूकही केली. 'ग्राफिटी' गाजल्यावर लुकस जास्त मानधन मागू शकला असता. त्याऐवजी त्यानं पुढच्या भागांचे आणि खेळणी वगैरे विक्रीचे हक्क मागितले. त्या काळी अशा हक्कांना फारशी किंमत नसे, म्हणून कंपनीनं ते देऊन टाकले. लुकसचं साम्राज्य त्यावरच उभं राहिलं.

प्रदर्शनाच्या काही आठवडे आधी सॅन फ्रान्सिस्कोत नॉर्थपॉइंट थिएटरात प्रेक्षकांसमोर एक खेळ झाला. पडद्यावर वरून ते अजस्र यान सरकू लागलं आणि लोक ओरडायला, टाळ्या वाजवायला लागले. लॅडच्या डोळ्यांत पाणी आलं.

'स्टार वॉर्स'मुळे त्याच वर्षीचं त्याचं दुसरं काम झाकोळलं, आणि मला ते तितकंच मोलाचं वाटतं. 1978च्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाची पाच नामांकनं होती. त्यातली तीन एकट्या फॉक्सची: 'स्टार वॉर्स', 'ज्युलिया' आणि 'द टर्निंग पॉइंट'. शेवटच्या दोन्हींच्या केंद्रस्थानी दोन-दोन स्त्रिया आहेत. पुढं 'अ‍ॅन अनमॅरीड वुमन' आला. बायकांच्या गोष्टीला गल्ला जमत नाही, असं मानलं जाण्याचा तो काळ. 'एलियन'मधली रिप्ली ही व्यक्तिरेखा बाईची करावी, या सूचनेचं श्रेयही बहुतेक वेळा लॅडलाच दिलं जातं. ती साकारणारी सिगर्नी वीव्हर तेव्हा रंगभूमीवरची जवळपास अनोळखी नटी होती. 'एलियन'ही लागला 25 मेलाच, 1979मध्ये.

त्याच वर्षी वरिष्ठांशी मतभेद होऊन लॅड फॉक्समधून बाहेर पडला आणि जे कँटर व गॅरेथ विगन यांच्यासह त्यानं 'द लॅड कंपनी' काढली. वितरण वॉर्नर ब्रदर्सचं होतं. सुरुवात झकास झाली. लॉरेन्स कॅस्डनला 'बॉडी हीट'मधून पहिल्यांदा दिग्दर्शनाची संधी दिली. ब्रिटनमध्ये बनलेला 'चॅरियट्स ऑफ फायर' अमेरिकेत आणला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं.

मग आला 'ब्लेड रनर'. 25 तारीख आपल्याला लाभते, असं लॅडला वाटे. म्हणून प्रदर्शन ठरलं 25 जून 1982ला. दोनच आठवड्यांपूर्वी 'ई.टी.' आला होता आणि प्रेक्षकांना त्या गोड परग्रहवासीयानं वेड लावलं होतं. पावसात भिजलेलं, उदास भविष्य त्यांना नको होतं. चित्रपट पडला. पडू नये म्हणून आधीच त्यात निवेदन घुसडलं होतं, शेवट सुखाचा केला होता. तरीही पडला. 1992मध्ये निवेदन काढलेली आवृत्ती आली आणि आज तो विज्ञानपटांच्या पहिल्या रांगेत आहे. हा होकार बरोबर होता हे ठरायला दहा वर्षं लागली. लॅड कंपनीकडे तेवढा वेळ नव्हता.

पुढच्या वर्षी अंतराळवीरांवरचा 'द राइट स्टफ' आला. चार ऑस्कर मिळाली, पण खर्चही निघाला नाही. आणि 1984मध्ये सर्जिओ लिओनेचा 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका'. कान महोत्सवात तो 229 मिनिटांचा होता. अमेरिकेत लॅड कंपनीनं तो 139 मिनिटांचा केला. आठवणींतून मागं-पुढं जाणारी कथा कापून सरळ कालक्रमानं जोडली. इथं मला लॅडचं समर्थन करता येत नाही. दिग्दर्शकावर विश्वास ठेवणं हीच ज्याची पुंजी, त्याच्या कंपनीनं नेमका तोच मोडला. लिओनेनं त्यानंतर एकही चित्रपट दिग्दर्शित केला नाही. 1989मध्ये तो गेला. त्याच 1984मध्ये 'पोलीस अकॅडमी'नं भरपूर पैसे मिळवले, पण तोवर वॉर्नरबरोबरचा डाव मोडला होता.

त्यानंतर लॅड एमजीएम या दुसऱ्या स्टुडिओत गेला. तिथली वर्षं धावपळीची होती. कंपनीची मालकी सारखी बदलत होती. तरीही 'मूनस्ट्रक' आणि 'अ फिश कॉल्ड वांडा' त्याच्या कारकिर्दीत झाले. मधे तो पाथेकडे गेला, पाथेनं एमजीएम घेतल्यावर पुन्हा परतला. 1991मध्ये आलेल्या 'थेल्मा अँड लुईस'ला होकार त्याचाच. कॅली खौरीची ती पहिलीच संहिता, शेवट दरीच्या कड्यावरचा. तो शेवट तसाच राहिला आणि खौरीला ऑस्कर मिळालं.

एमजीएम सोडताना लॅडनं रँडल वॉलेसची एक संहिता बरोबर नेली. तेराव्या शतकातला स्कॉटलंड, राजाविरुद्ध उठलेला एक बंडखोर. मेल गिब्सननं ती दिग्दर्शित केली. पैसा एका स्टुडिओनं पूर्ण द्यायला धजावावं असा काही हा विषय नव्हता. म्हणून अमेरिकेतलं वितरण पॅरामाउंटनं घेतलं आणि बाहेरच्या जगातलं फॉक्सनं, लॅड पूर्वी ज्या कंपनीचा प्रमुख होता तिनंच. 'ब्रेव्हहार्ट'ला पाच ऑस्कर मिळाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर निर्मात्याच्या हाती जातं, त्यामुळे या वेळी गिब्सन आणि ब्रूस डेव्ही यांच्याबरोबर लॅडही व्यासपीठावर होता. तो सोहळा 25 मार्च 1996ला झाला.

2 मार्च 2022 रोजी, 84व्या वर्षी, लॅड वारला. त्याच्या मुलीनं, अमांडानं, त्याच्यावर 'लॅडी' नावाचा माहितीपट केला आहे.

त्याच्या अखेरच्या चित्रपटांपैकी एक म्हणजे 'गॉन बेबी गॉन'. बॉस्टनमधल्या हरवलेल्या मुलीची ही गोष्ट बेन अ‍ॅफ्लेकनं दिग्दर्शित केली. अ‍ॅफ्लेकनं त्याआधी एकही पूर्ण लांबीचा चित्रपट दिग्दर्शित केलेला नव्हता. 19 ऑक्टोबर 2007ला तो अमेरिकेत लागला, तेव्हा लॅडला सत्तर पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.