अंदाजपत्रक रेषा व संधी खर्च : गारगोटीतील तांदळाचे उदाहरण

एखादी वस्तू मिळविण्यासाठी दुसऱ्या वस्तूचा जो त्याग करावा लागतो, तो पहिल्या वस्तूचा संधी खर्च होय. तो रुपयांत नव्हे, तर सोडून दिलेल्या वस्तूत मोजला जातो.

समजा, गारगोटीतील चार माणसांच्या एका कुटुंबाने तांदूळ व तूरडाळ यांसाठी दरमहा १२०० रुपये राखून ठेवले आहेत. तांदळाचा दर किलोस ४० रुपये व डाळीचा १२० रुपये धरल्यास अंदाजपत्रकाचे समीकरण पुढीलप्रमाणे होईल :

४०त + १२०ड = १२००

सर्व रक्कम तांदळावर खर्च केल्यास ३० किलो तांदूळ, डाळीवर केल्यास १० किलो डाळ मिळते. हे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा उतार किंमतींचे गुणोत्तर दर्शवितो. म्हणजेच एक किलो डाळीचा संधी खर्च ३ किलो तांदूळ, तर एक किलो तांदळाचा एक तृतीयांश किलो डाळ. राखलेली रक्कम १८०० रुपये झाली तरी रेषा केवळ समांतर वर सरकते. संधी खर्च बदलत नाही. विद्यार्थ्यांची गफलत बहुधा येथेच होते.

भुदरगड हा भाताचा तालुका. घरच्या शेतातील तांदूळ 'फुकटचा' मानण्याची रीत आहे. पण तो ४० रुपयांनी विकता येत असेल, तर त्याचाही संधी खर्च एक तृतीयांश किलो डाळ एवढाच असतो.

रेशनच्या तांदळाचे मात्र तसे नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. सोयीसाठी ते सर्व तांदूळच मानू. या कुटुंबाचा वाटा २० किलो होईल. किलोस ३ रुपये दर असताना एका किलोचा संधी खर्च अवघी २५ ग्रॅम डाळ होता. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाल्याने तो शून्यावर आला. आता १० किलो डाळीच्या उंचीवर रेषा २० किलो तांदळापर्यंत आडवी जाते, तेथे वाकते आणि ५० किलोंवर अक्षास मिळते.

या शून्याला दुसरी बाजूही आहे. हा तांदूळ विकण्यास मनाई असल्याने तो न उचलल्यास डाळ मुळीच वाढत नाही. तिची मर्यादा १० किलोच राहते. तांदळाऐवजी त्याच्या बाजारमूल्याएवढे ८०० रुपये रोख दिल्यास हीच मर्यादा सुमारे १६.७ किलोंपर्यंत जाते. ज्या घरात भात पुरेसा असून डाळच अपुरी आहे, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. तथापि रोख रकमेला महागाईची झळ बसते. तांदूळ ५० रुपयांवर गेल्यास ८०० रुपयांत १६ किलोच येतो; रेशनचे २० किलो मात्र कायम राहतात.