चाकांच्या खुर्चीवरील बास्केटबॉल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रीडापटूच्या देहात काही न्यून आहे असे दिसताच त्याच्या खेळाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. जेथे कौशल्याची चिकित्सा व्हावयास हवी तेथे करुणेचा उमाळा दाटून येतो, आणि जो पुरुष दोन तपे आपल्या खेळात अग्रस्थानी राहिला त्याच्याविषयी आपण एवढेच म्हणतो की, बिचाऱ्याने हिंमत सोडली नाही. व्हीलचेअर बास्केटबॉलच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंत ज्याची गणना होते त्या कॅनडाच्या पॅट्रिक अँडरसनची कारकीर्द पुढे ठेवून या खेळाविषयीचे काही रूढ समज तपासणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

गैरसमज : हा मूळ खेळाचा सवलती देऊन सोपा केलेला अवतार आहे.

वस्तुस्थिती : मैदान तेच, २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद, कडे त्याच ३.०५ मीटर उंचीवर. दहा-दहा मिनिटांची चार सत्रे, आणि चेंडू ताब्यात आल्यापासून २४ सेकंदांत नेम साधण्याचे बंधनही तेच. उभ्याने खेळणाऱ्यास पायांच्या उसळीतून जे बळ मिळते ते येथे खांदे, बाहू आणि मनगट यांतूनच काढावे लागते. चेंडू हाती वा मांडीवर असताना चाकांना लागोपाठ दोनच रेटे देण्याची मुभा असते. तिसऱ्या रेट्यापूर्वी चेंडू जमिनीवर आपटला नाही, सोबत्याकडे दिला नाही किंवा कड्याकडे फेकला नाही, तर तो प्रतिपक्षाच्या हवाली होतो. एकदा चेंडू धरल्यावर पुन्हा आपटता येतो, ही सवलत मात्र खरी. खुर्ची ही खेळाडूच्या शरीराचाच भाग मानली जात असल्यामुळे तिची गैर धडक हा त्याचाच अपराध ठरतो, आणि उंची मिळविण्यासाठी आसनावरून अंग उचलणे हा तर तांत्रिक दोष होय. म्हणून निष्णात खेळाडू एक चाक अधांतरी उचलून, दुसऱ्यावर तोल सावरून, हात उंचावतो. या विद्येत अँडरसनचा हातखंडा आहे.

गैरसमज : ज्याचे अपंगत्व कमी तोच संघाच्या उपयोगाचा, इतरांची केवळ दयेपोटी भरती होते.

वस्तुस्थिती : प्रत्येक खेळाडूची, विशेषतः त्याच्या धडाच्या हालचालींची, पारख करून त्याला १.० पासून ४.५ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या अंतराने, एक दर्जा दिला जातो. ज्याला धडावर ताबा नाही तो १.० चा, आणि ज्याच्या हालचालींस सर्वांत कमी बाध आहे तो ४.५ चा. आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानावरील पाच जणांच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये, असा दंडक आहे. अँडरसन ४.५ गुणांचा, तो उतरला की उरलेल्या चौघांसाठी साडेनऊच गुण शिल्लक राहतात, अर्थात कमी गुणांच्या सोबत्यांवाचून त्याला मैदानात पाऊल टाकता येत नाही. हे सोबती प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत खुर्ची आडवी घालून त्याला अचूक क्षणी रोखून धरतात, आणि त्या अडसरामुळे मोकळ्या झालेल्या वाटेनेच उंच खेळाडू कड्यापर्यंत पोहोचतो. गुणफलकावर या कामाची नोंद होत नाही, परंतु जाणत्या प्रेक्षकाची नजर तिकडेच असते.

गैरसमज : खेळाडू दैनंदिन व्यवहारातही खुर्चीलाच जखडलेला असतो.

वस्तुस्थिती : पात्रता ठरते ती शरीराच्या कायमच्या व्यंगावरून, घरी खुर्ची वापरण्याची अट नाही, आणि कृत्रिम पायांवर चालणारे खेळाडूही या खेळात आहेत.

गैरसमज : हा उपचारोत्तर विरंगुळा आहे, त्यात कारकीर्द ती कसली?

वस्तुस्थिती : या समजाला इतिहासाचा किंचित आधार आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या रुग्णालयांतच या खेळाचा उगम झाला, परंतु १९४९ साली अमेरिकेत त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरली, १९६० च्या रोम येथील पॅरालिंपिक क्रीडासोहळ्यात त्याला स्थान मिळाले, आणि आज युरोपात त्याचे व्यावसायिक संघ आहेत. १९७९ साली जन्मलेल्या अँडरसनने नवव्या वर्षी, मद्यधुंद चालकाच्या मोटारीखाली सापडून, गुडघ्यांखालील दोन्ही पाय गमावले. पुढच्याच वर्षी तो या खेळाकडे वळला, इलिनॉय विद्यापीठाच्या संघातून खेळला, आणि पुढे जर्मनीत व्यावसायिक खेळाडू झाला. सिडनी २०००, अथेन्स २००४ आणि लंडन २०१२ येथे कॅनडाला मिळालेल्या सुवर्णपदकांत व २००८ च्या बीजिंगमधील रौप्यपदकात त्याचा सिंहाचा वाटा होता. लंडनच्या अंतिम सामन्यात कॅनडाने ऑस्ट्रेलियाला ६४-५८ असे नमविले, त्यांतील ३४ गुण एकट्या अँडरसनचे. मध्यंतरी त्याने निवृत्ती पत्करून न्यूयॉर्कमध्ये संगीताचे शिक्षण घेतले. पुन्हा परतला, पुन्हा निवृत्त झाला, आणि पुन्हा येऊन २०२४ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पॅरिस येथे आपल्या सहाव्या पॅरालिंपिकमध्ये उतरला.

अपघाताचा दिवस हा अशा कारकिर्दीचा केवळ आरंभ सांगतो. तिचे स्पष्टीकरण देत नाही. ते शोधावे लागते सरावाच्या वर्षांत, नियमांच्या सूक्ष्म जाणिवेत आणि सोबत्यांशी जुळलेल्या मेळात. भारतातही २०१४ पासून या खेळाचा राष्ट्रीय महासंघ कार्यरत आहे. त्याच्या खेळाडूंना हवी आहेत ती खेळाच्या घडणीची खुर्ची, खुर्ची आत नेता येईल असे क्रीडागृह, जाणता प्रशिक्षक आणि नियम समजून घेऊन, चुकल्यास चूक दाखविणारा प्रेक्षक. खेळाडूचा सन्मान म्हणजे त्याच्या खेळाची निःपक्षपाती पारख. ती आपण अन्य खेळाडूंची करतो, मग यांचीही केली पाहिजे.