काउंट चांगला, तरी पाळणा का हलत नाही?

वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या ठीक आली की अनेक घरांत पुरुषाचा विषय संपतो आणि बाईच्या तपासण्यांची रांग लागते. प्रयोगशाळेतल्या उंदरांनी मात्र ही समजूत केव्हाच मोडीत काढली आहे.

२००१ मध्ये अमेरिकेत बोस्टन इथे डेव्हिड क्लॅपम यांच्या गटाने ‘कॅटस्पर’ हे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. नर धडधाकट होते, समागम करत होते, शुक्राणूंची संख्याही नेहमीइतकीच होती. पिल्ले मात्र झाली नाहीत. हे जनुक शुक्राणूच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारा मार्ग घडवते. कॅल्शियम शिरले की शेपूट जोरजोरात फटकारे मारते आणि त्या बळावर शुक्राणू अंड्याचे जाड आवरण भेदतो. आवरण काढलेली अंडी याच नरांच्या शुक्राणूंनी फलित केली. म्हणजे मुख्य उणीव होती ती आवरण भेदण्याच्या ताकदीची.

२००५ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात मासारू ओकाबे आणि सहकाऱ्यांनी पुढची पायरी उलगडली. ‘इझुमो’ हे प्रथिन नसलेले शुक्राणू आवरण पार करून अंड्याला भिडतात, पण त्याच्याशी एकजीव होत नाहीत. तोच शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडला, तर गर्भ वाढतो. इझुमोला धरून ठेवणारे अंड्यावरचे प्रथिन ‘जुनो’ २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या सँगर संस्थेत सापडले.

सुईचा उपाय सगळीकडे चालतो असे नाही. काही पुरुषांच्या शुक्राणूंचे डोके गोल असते आणि आवरण भेदायला लागणारी विकरे साठवणारी टोपी त्यावर नसते. यामागे बऱ्याचदा ‘डीपीवाय१९एल२’ हे जनुक गायब असते. ही टोपी केंद्रकाला घट्ट जखडून ठेवण्याचे काम त्याचे, हे फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये उंदरांवरच दाखवले. अशा शुक्राणूंत अंड्याला जागे करणारे प्रथिनही फार कमी असते. त्यामुळे नुसते इंजेक्शन अनेकदा पुरत नाही, अंडे रसायनाने जागे करावे लागते. नेमके जनुक कळले की उपचाराची दिशा बदलते ती अशी.

उंदरात प्रामुख्याने नराच्या बीजपेशींत काम करणारी जनुके २,३०० हून अधिक असावीत, असा अंदाज आहे. त्यांतले प्रत्येक जनुक अपरिहार्य नाही. २०१६ मध्ये ओकाबे यांचेच सहकारी मासाहितो इकावा आणि इतरांनी अशी ५४ जनुके एकेक करून काढून पाहिली. नर प्रजननक्षमच राहिले. त्यामुळे रुग्णाच्या जनुकात बदल दिसला म्हणून तोच दोषी ठरवता येत नाही. आधी उंदरात खातरजमा करून पाहणे गरजेचे ठरते.

हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील संशोधकांनी २०२२ मध्ये भारतीय पुरुषांच्या वंध्यत्वाशी जोडलेली आठ जनुके जाहीर केली. त्यांत कॅटस्परच्याच कुळातले एक आहे. बोस्टनच्या उंदरांत दिसलेला मार्ग आपल्याकडच्या दवाखान्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे.

मूल होत नसेल तर पहिल्या दिवसापासून दोघांचीही तपासणी करा. पुरुषाच्या अहवालात संख्येबरोबर हालचाल आणि आकारही पाहा, आणि कारण सापडत नसेल तर जनुकीय सल्ला घ्या. नुसत्या संख्येच्या आधारे बाईला दोष देणे विज्ञानात बसत नाही.