गळ्याभोवतीची गोल वीण

काउल म्हणजे टोके नसलेला मफलर, डोक्यातून घालायचा. तो गोल सुईवर विणतात. ही सुई म्हणजे मधे लवचीक वायर असलेल्या दोन छोट्या सुया. शेवटी शिवण घालावी लागत नाही, हा मोठा फायदा.

जाड लोकर आणि ५ मिलिमीटरची, वायरसकट ४० सेंटिमीटर लांबीची सुई घ्या. १० सेंटिमीटरमध्ये साधारण १८ टाके बसत असतील, तर ६० सेंटिमीटर घेरासाठी १०९ टाके घाला. फेरी जोडण्याआधी सगळे टाके एकाच दिशेला आहेत ना, हे नीट पाहा. इथे पीळ राहिला, तर पुढे तो काढता येत नाही. सरळ उसवावे लागते.

वीण साबुदाण्याची: एक सुलट, एक उलट, बस्स. गंमत आहे ती विषम आकड्यात. पहिली फेरी सुलट टाक्याने संपते, त्यामुळे दुसरीची सुरुवात आपोआप उलट टाक्याने होते आणि प्रत्येक सुलटावर उलट बसत जातो. मोजत बसायला नको. सम टाके घेतलेत, तर मात्र उभ्या रेघा पडतात. दोन सुलट शेजारी दिसले, की चूक तिथेच धरा.

नुसती सुलट वीण कडांना गुंडाळते. साबुदाणा सपाट राहतो, शिवाय दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. २५ सेंटिमीटर उंची झाली की टाके सैलसर बंद करा, नाहीतर काउल डोक्यातून जाणार नाही.