पडदा काळा का राहतो? : एच. डी. एम. आय. जोडणी व तिचे दोष

खेडेगावच्या शाळेत दूरचित्रवाणी संच येतो तो बहुधा लोकवर्गणीतून. कोणी शंभर रुपये देतो, कोणी पाचशे. ग्रामपंचायत काही भर घालते. संचाला हार घातला जातो, नारळ फोडला जातो आणि पहिले काही दिवस वर्ग गच्च भरलेला असतो. मग एखाद्या सकाळी पडद्यावर चित्राऐवजी 'नो सिग्नल' हे दोन शब्द तरंगू लागतात. शिक्षक रिमोटच्या दोन-चार कळा दाबून पाहतात, केबल हालवून पाहतात आणि मग हात मागे घेतात. कारण संचाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत आहे, आणि आपल्या हातून काही बिघडले तर जबाब द्यावा लागेल ही धास्ती मनात असते. संचावर कापड पडते. तालुक्याच्या गावाहून कारागीर येण्यास पंधरवडा लागतो. तो येतो, रिमोटची एक कळ दाबतो, चित्र उमटते, आणि भाडे व मजुरी घेऊन तो निघून जातो. त्या पंधरवड्यात दुसरीच्या मुलांनी पाहावयाची कविता आणि चौथीच्या मुलांनी पाहावयाचा ज्वालामुखी ही दोन्ही राहून गेलेली असतात.

वस्तुतः 'नो सिग्नल' हे संच बिघडल्याचे नव्हे, तर संच चालू असल्याचे लक्षण होय. ज्या यंत्राला हे शब्द पडद्यावर लिहिता येतात, त्याचा वीजपुरवठा, त्याचा पडदा आणि पडद्यामागील दिवे ही सर्व कामे करीत आहेत. यंत्र एवढेच सांगत आहे की, ज्या दाराशी ते वाट पाहत उभे आहे, त्या दाराने काही आत येत नाही. दार चुकले असेल, वाट तुटली असेल किंवा पलीकडून कोणी निघालेच नसेल. दोष शोधावयाचा तो या तीन ठिकाणी.

याउलट संचाचा छोटा दिवा लागतो, आवाजही येतो, पण पडदा अगदी अंधारा राहतो आणि एकही अक्षर उमटत नाही, ही अवस्था निराळी. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकावा. अंधुक चित्र हालताना दिसले तर पडद्यामागील दिवे गेलेले आहेत असे समजावे. हे काम कारागिराचेच आहे. शिक्षकांनी संचाची पाठ उघडू नये.

ज्या केबलने लॅपटॉप किंवा सेट-टॉप बॉक्स संचास जोडतात, तिला एच. डी. एम. आय. केबल म्हणतात. पूर्वी पिवळे, पांढरे आणि तांबडे अशी तीन टोके असलेली केबल वापरीत. पिवळ्यातून चित्र आणि उरलेल्या दोहोंतून ध्वनी जात असे. सोनी, फिलिप्स, हिताची, तोशिबा इत्यादी सात कंपन्यांनी मिळून डिसेंबर २००२ मध्ये एच. डी. एम. आय.चा पहिला आराखडा प्रसिद्ध केला, आणि चित्र व ध्वनी ही दोन्ही अंकांच्या रूपाने एकाच केबलमधून जाऊ लागली. शाळेतील संच हा घरगुती वापराचाच असतो. त्यामुळे येथे जे सांगितले आहे, ते शिक्षकांना आपल्या घरच्या संचावर रात्री निवांतपणे करून पाहता येईल. घरी ते काम बहुधा मुलगा किंवा मुलगी करून टाकते आणि शिक्षक पाहत बसतात, ही गोष्ट वेगळी.

केबलच्या टोकाशी निरखून पाहिले असता १९ बारीक पट्ट्या दिसतात. त्यांपैकी पहिल्या बारा चित्र, ध्वनी आणि त्यांची लय वाहून नेतात. शिक्षकांनी समजून घ्यावयाच्या गोष्टी मात्र उरलेल्या सातांत आहेत. लॅपटॉप अठराव्या पट्टीतून ५ व्होल्टचा अल्प दाब पाठवितो. संच एकोणिसाव्या पट्टीतून 'हजर' म्हणतो. मग पंधराव्या व सोळाव्या पट्टीतून लॅपटॉप विचारपूस करतो: आपल्या पडद्यावर किती ठिपके मावतात, कोणता ध्वनी चालतो? पंगतीत वाढणारा ज्याप्रमाणे पानावर बसलेल्यास काय चालते, काय चालत नाही हे विचारूनच वाढतो, त्याप्रमाणे ही विचारपूस झाल्यावाचून चित्र निघतच नाही. वीज झटका देऊन गेली आणि परत आली, किंवा एक यंत्र दुसऱ्याच्या आधी जागे झाले, की ही विचारपूस कधी कधी अर्धवट राहते. दोन्ही यंत्रे धडधाकट आणि केबलही चांगली असूनही पडदा काळा राहतो, त्याचे एक कारण हे होय.

केबल काढून पुन्हा घातली की चित्र येते, हा अनेकांचा अनुभव आहे आणि त्यात चमत्कार काही नाही. केबल काढताच 'हजर' म्हणणारी पट्टी तुटते. पुन्हा घालताच ती जुळते आणि विचारपूस पहिल्यापासून सुरू होते. मात्र चालू यंत्रांवर वारंवार असे करण्यापेक्षा पुढील रीत अधिक चांगली. संच आणि उपकरण या दोहोंचे प्लग भिंतीवरील बटणापासून बंद करावेत. केवळ रिमोटने बंद केल्यास संच झोपतो, पुरता बंद होत नाही. एक मिनिट थांबावे. केबल दोन्ही बाजूंनी नीट बसवावी. प्रथम संच चालू करावा, योग्य दार निवडावे आणि मग उपकरण चालू करावे.

आता दाराविषयी. संचाच्या पाठीमागे किंवा कडेला एच. डी. एम. आय.ची दोन किंवा तीन दारे असतात आणि त्यांवर १, २, ३ असे क्रमांक असतात. केबल दुसऱ्यात आणि रिमोटवरील निवड पहिल्याची, हा सर्वांत अधिक आढळणारा दोष आहे. पंधरवडा वाट पाहून आणलेला कारागीर जी एक कळ दाबतो ती हीच. तिच्यावर 'इनपुट' किंवा 'सोर्स' असे लिहिलेले असते, अथवा चौकटीत शिरणाऱ्या बाणाचे चिन्ह असते. कळ एकदा दाबून यादी येऊ द्यावी, केबल ज्या दारात आहे तो क्रमांक निवडावा आणि दहा सेकंद धीर धरावा. विचारपुशीस वेळ लागतो; तेवढ्यात घाईने पुढची कळ दाबली की आलेले चित्रही निघून जाते.

येथेच आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. लॅपटॉपचे एच. डी. एम. आय. दार बहुधा केवळ बाहेर जाण्याचे असते. सेट-टॉप बॉक्सची केबल लॅपटॉपला जोडून त्याच्या पडद्यावर कार्यक्रम पाहण्याचा प्रयत्न काही ठिकाणी होतो. तो सफल होत नाही आणि त्यात लॅपटॉपचा दोषही नसतो.

लॅपटॉपच्या बाबतीत संचाचे दार बरोबर असूनही चित्र येत नसेल, तर विंडोज चिन्हाची कळ दाबून धरावी आणि 'पी' हे अक्षर दाबावे. चार पर्याय दिसतात. 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडलेले असेल तर संचाकडे काहीच जात नाही. 'एक्स्टेंड' असेल तर संचावर नुसतेच पार्श्वचित्र दिसते आणि धडा मात्र लॅपटॉपवरच राहतो. हा प्रकार पाहून शिक्षक विशेष गोंधळतात. वर्गासाठी 'ड्युप्लिकेट' हा पर्याय निवडावा, म्हणजे जे लॅपटॉपवर तेच संचावर. चित्र आले पण आवाज लॅपटॉपमधूनच येतो आहे, असे झाल्यास पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील कर्ण्याच्या चिन्हावर जाऊन ध्वनीसाठी संचाचे नाव निवडावे. चित्राच्या कडा कापल्या जाऊन फळ्यावरच्या मजकुराची पहिली अक्षरे दिसेनाशी होतात, तेव्हा दोष केबलचा नसतो. संचाच्या चित्रविषयक मांडणीत 'स्क्रीन फिट', 'जस्ट स्कॅन' अशा नावाचा पर्याय असतो. तो निवडला की पूर्ण पान दिसते.

केबलची परीक्षा करण्यास एक सोपा उपाय आहे. पूर्ण स्पष्टतेच्या चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके; आणि अशी चित्रे सेकंदाला बहुधा ६० जातात. चौथीच्या मुलांना हा गुणाकार घालण्यास हरकत नाही. एवढा भार साध्या किंवा लांब केबलला पेलत नाही, तेव्हा पडद्यावर ठिणग्यांसारखे ठिपके चमकतात, किंवा चित्र क्षणभर जाते व परत येते. अशा वेळी लॅपटॉपच्या 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये जाऊन १२८० आणि ७२० ही जोडी निवडावी. या चित्रात ९,२१,६०० म्हणजे निम्म्याहूनही कमी ठिपके असतात. एवढ्याने चित्र स्थिर झाले, तर दोष बहुधा केबलचा आहे असे मानावे, आणि नवी येईपर्यंत याच मांडणीवर काम चालवावे. मागच्या बाकावरील मुलांना फरक सहसा कळत नाही. लहान वर्गात पाच मीटरची केबल पुरते. भिंतीच्या कडेने फिरवून आणण्यासाठी पंधरा मीटरची स्वस्त केबल घेणे म्हणजे नवे दुखणे विकत घेणे होय.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, दार आणि लॅपटॉप ही तिन्ही एकदम बदलून चित्र आले, तर दोष कोठे होता हे कळत नाही आणि उद्या तो पुन्हा भेटतो. प्रथम तीच केबल दुसऱ्या दारात घालून पाहावी. मग त्याच दारात दुसरी केबल घालावी. शेजारच्या शाळेची किंवा घरची आणली तरी चालेल. मग दुसरे उपकरण जोडावे. गणितातील चूक पायरीपायरीने शोधण्याची सवय शिक्षकांना असतेच. येथे तीच उपयोगी पडते.

जुन्या संगणकास एच. डी. एम. आय.चे दार नसते. पंधरा छिद्रांचे निळे व्ही. जी. ए. दार असते. त्यासाठी मध्ये रूपांतरक लागतो आणि तो एकदिशीय असतो. व्ही. जी. ए.पासून एच. डी. एम. आय.कडे नेणारा रूपांतरक उलट दिशेने चालत नाही. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कोणत्या यंत्रातून कोणत्या यंत्राकडे चित्र न्यावयाचे हे स्पष्ट सांगून घ्यावा. व्ही. जी. ए.मधून ध्वनी जात नाही, त्याची वेगळी सोय करावी लागते. मोबाइल फोनच्या बाबतीतही सावध राहावे. फोनचे टोक केबलच्या टोकाशी जुळले म्हणजे चित्र जाईलच असे नाही. ती सोय अनेक स्वस्त फोनांत दिलेलीच नसते. शाळेच्या पैशाने केबल घेण्यापूर्वी ती दुकानातच फोनला जोडून पाहावी.

सेट-टॉप बॉक्सची यादी दिसते, पण विशिष्ट वाहिनी लावताच पडदा काळा होतो, हा दोष क्वचित आढळतो. काही कार्यक्रमांना नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेले असते आणि मध्ये जोडलेला जुना रूपांतरक किंवा विभाजक ते कुलूप ओळखत नाही. मधले उपकरण काढून बॉक्स थेट संचास जोडावा.

जोडणी बिघडण्यापेक्षा दार मोडण्याचे प्रकार अधिक खर्चाचे असतात. केबलच्या टोकाची एक बाजू रुंद व दुसरी अरुंद असते. ती पाहूनच टोक घालावे, अंधारात हात मागे घालून जोर करू नये. भिंतीवर टांगलेल्या संचास लांब केबल लोंबत ठेवली, की तिच्या वजनाने दार हळूहळू सैल होते. केबल संचाच्या लोखंडी चौकटीस सुतळीने बांधून तिचा भार दारावरून काढावा. दुहेरी पिनांच्या अडाप्टरवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या किंवा बॉक्सच्या धातूच्या भागास हात लागल्यास कधी कधी बारीक झिणझिण्या येतात. तेवढ्यासाठी जोडणी दोन्ही बाजूंचा पुरवठा बंद असतानाच करावी, आणि मुलांना स्टुलावर चढवून ते काम सांगू नये, मग ती कितीही हुशार असोत.

वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की धोका दोन वाटांनी येतो: एक भिंतीवरील प्लग आणि दुसरी छपरावरील छत्रीची केबल. पुष्कळदा प्लग काढला जातो आणि छत्रीची केबल तशीच राहते. छत्रीतून आलेला झटका सेट-टॉप बॉक्समध्ये शिरतो आणि तेथून एच. डी. एम. आय. केबलने संचाच्या दारापर्यंत पोहोचतो. मग पहिले दार कायमचे मुके होते, दुसरे मात्र कधी कधी चालू राहते. म्हणून आभाळ भरून येताच, विजा सुरू होण्यापूर्वी, संच व बॉक्स यांचे प्लग आणि छत्रीची केबल ही सर्व सोडवून ठेवावीत. विजा चमकू लागल्यावर मात्र केबलला हात लावू नये. उन्हाळी सुटीसाठी शाळा बंद करताना हे काम किल्ली देण्यापूर्वी उरकावे. जूनमध्ये पुन्हा जोडताना आठवावे लागू नये यासाठी कोणत्या दारात काय होते ते कागदाच्या चिठ्ठीवर, '१ : छत्री, २ : लॅपटॉप' असे लिहून चिठ्ठी संचाच्या कडेस चिकटवावी.