धावताना चक्कर येते? ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका

२५ ऑगस्ट २००७ रोजी स्पेनमधील सेव्हिया संघाचा २२ वर्षांचा फुटबॉलपटू अंतोनियो पुएर्ता भर सामन्यात मैदानावर कोसळला. तो उठला, चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि तिथे पुन्हा कोसळला. तीन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. वरून ठणठणीत दिसणाऱ्या या खेळाडूला हृदयाच्या स्नायूचा एक दुर्मीळ आजार होता. त्याचे नाव अॅरिथमोजेनिक राइट व्हेंट्रिक्युलर कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात एआरव्हीसी.

हा आजार समजून घेणे अवघड नाही. हृदयाच्या स्नायूतील पेशी एकमेकींना प्रथिनांच्या सांध्यांनी घट्ट जोडलेल्या असतात. काही जणांच्या जनुकात जन्मतः दोष असल्याने हे सांधे कच्चे राहतात. कठोर व्यायामाचा ताण वर्षानुवर्षे पडला की ते सुटू लागतात, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व व्रणासारखा तंतू भरतो. बहुतेक वेळा सुरुवात उजव्या कप्प्यापासून होते.

हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म लहरीवर चालतात. अशा खराब झालेल्या भागात ही लहर अडखळते आणि तिथेच गोल गोल फिरू लागते. मग ठोके अचानक मिनिटाला दोनशेच्या आसपास जाऊ शकतात. लय पूर्ण बिघडली तर हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे जात नाही आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो. म्हणूनच हा ब्लॉकेजमुळे येणारा हार्ट अटॅक नव्हे.

मित्रांनो, हे आपल्याला का माहीत हवे? पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर, ८०० मीटर धावणारी मुले-मुली आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांतला एखादा कोसळला की ‘उपाशी होता’, ‘ऊन लागले’ असे म्हटले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. पण धावण्याच्या ऐन भरात शुद्ध हरपणे, अचानक जोरदार धडधड होणे किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेलेले असणे, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर सराव थांबवून डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. अंगारा, दृष्ट, बाहेरची बाधा यांत वेळ घालवू नये.

पहिली तपासणी साधी आहे, ती म्हणजे ईसीजी. मात्र सुरुवातीला तो नॉर्मलही येऊ शकतो. म्हणून शंका असल्यास इको, २४ तासांची होल्टर तपासणी आणि एमआरआय करतात. इटलीत १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. तेथील व्हेनेटो प्रांतात २००४ पर्यंत तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू सुमारे ८९ टक्क्यांनी घटल्याचे नोंदले गेले.

हा आजार मुळापासून बरा होत नाही, पण जीव वाचवता येतो. स्पर्धात्मक खेळ बंद करणे, बीटा ब्लॉकर गोळ्या आणि धोका जास्त असल्यास छातीत आयसीडी यंत्र बसवणे, हे उपचार आहेत. घातक लय सुरू होताच आयसीडी ती ओळखून झटका देते.

बहुधा हा दोष आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असे नाही. तरीही एकाचे निदान झाले की आई-वडील, भावंडे आणि मुले यांची तपासणी झालीच पाहिजे. यात लपवण्यासारखे, लाजण्यासारखे काही नाही. लग्न मोडेल या भीतीने आजार दडवणे म्हणजे दुसऱ्या भावाचा जीव धोक्यात घालणे होय.

कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घ्यावीत. भरतीच्या सरावापूर्वी ईसीजीचे शिबिर घ्यावे आणि प्रत्येक मैदानावर काही जणांना सीपीआर शिकवावा. कोसळलेला माणूस हाक मारूनही प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करा आणि लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. पाणी पाजत, कांदा हुंगवत बसू नका. ती पहिली काही मिनिटेच त्याचे आयुष्य ठरवतात.