खाणावळीतील अन्न व मिठाची जाणीव

महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते हे गाव लागते. या वाटेवरील खाणावळीत ताट पुढे येते तेव्हा त्यात चिमूटभर मीठ बाजूस वाढलेले असते. जेवणारास दिसणारे मीठ तेवढेच. डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितलेला रक्तदाबाचा रुग्ण त्या चिमटीस हात न लावता जेवतो व पथ्य पाळल्याच्या समाधानात उठतो. हे समाधान कितपत साधार आहे?

जिभेस मीठ जाणवते ते मुख्यतः दोन टोकांना : पदार्थ अळणी असला म्हणजे, किंवा खारट झाला म्हणजे. यांमधील पट्टा बराच रुंद असून त्यात मीठ पुष्कळ वाढले तरी आपण पदार्थास केवळ चवदार म्हणतो. (अळणी म्हणजे अ-लवण. मिठाच्या अभावास भाषेने स्वतंत्र शब्द दिला. या न जाणवणाऱ्या वाढीस मात्र दिला नाही.) त्यातच आमसुलाचा आंबटपणा, तिखट व गूळ हे खारटपणा झाकतात. लोणच्यात मीठ असते ते केवळ चवीसाठी नव्हे, तर फोडी टिकाव्यात म्हणून. पापडखारातही सोडियम असते, पण ते मिठासारखे खारट लागत नाही. नुसत्या उन्हात वाळविलेला बोंबील व मिठात मुरविलेला खारा बांगडा यांतील भेद बाजारात सर्वांस ठाऊक असतो. कालवण झाल्यावर तो तितकासा ध्यानात राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहूनही थोडे कमी, मीठ सांगितले आहे. भारतात २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत सरासरी सुमारे ८ ग्रॅम आढळले. किमची व नाना प्रकारच्या रश्शांच्या दक्षिण कोरियात २०१० च्या सुमारास ते १२ ग्रॅमच्या घरात होते. पुढे शासनाने उपाहारगृहांनाही सामील करून प्रयत्न केले, तेव्हा ते बरेच उतरले.

गडावरून घामाघूम होऊन उतरलेल्या प्रवाशाच्या एका जेवणाची चिंता नको. प्रश्न आहे तो महाडच्या औद्योगिक वसाहतीत राबून दोन्ही वेळ खाणावळीत जेवणाराचा. घरी काही आठवडे मीठ कमी केल्यास जीभ सरावते व पूर्वीचेच अन्न खारट लागू लागते. खाणावळीत मात्र आमटी सर्वांसाठी एकाच पातेल्यात शिजते आणि तिचे माप स्वयंपाक करणाराच्या जिभेवर असते. तेथे रुग्णास वाव असतो तो पापड परत करण्यास व लोणचे न घेण्यास. आणि नेमके हेच दोन पदार्थ तो पथ्यात मोजीत नाही.